शोरूममधली गाडी आणि सह्याद्रीतला पहिला ट्रेल

नव्या गाडीच्या बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक पुसलं जायच्या आत सल्ले सुरू होतात. टायर बदलून घे. दोन इंच लिफ्ट कर. प्लास्टिकचा बंपर काढ, लोखंडी बसव. स्नॉर्कल तर हवाच. टपावर एलईडी बार नसेल तर फोटोत काय दिसणार? बेरीज लाखाच्या पुढे सहज जाते. आणि एवढं सगळं लावलेली गाडी पहिल्याच चढावर चिखलात रुतून बसू शकते, कारण पंक्चरवाल्याने टायरात भरून दिलेली पस्तीस पीएसआयची हवा तशीच असते.

पहिल्या ट्रेलला जे लागतं त्यातलं बरंचसं कंपनीने दिलेल्या गाडीत आधीच असतं. ते वापरायचं कसं, हे मात्र शोरूममध्ये कोणी सांगत नाही. म्हणून यादी घेऊन दुकानात जाण्याआधी तिच्यामागचे समज एकदा तपासून घेऊ.

“एसयूव्ही आहे, म्हणजे कुठेही जाईल”

२०२३ साली जीएसटी परिषदेने जास्तीच्या उपकरासाठी अशा गाड्यांचे निकष स्पष्ट केले: लांबी चार मीटरपेक्षा जास्त, इंजिन दीड हजार सीसीच्या वर आणि रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स किमान १७० मिलिमीटर. चारही चाकांना ताकद मिळते की नाही, याचा त्यात उल्लेखही नाही. आपल्याकडे एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या फक्त पुढच्या दोन चाकांवर चालतात. त्या वाईट नाहीत. कोरड्या दिवसांत, खडी पडलेल्या कच्च्या रस्त्याने धरणाच्या काठापर्यंत जायला अशी गाडी पुरते. पण ओल्या लाल मातीच्या चढावर तिची मर्यादा लगेच कळते, कारण चढावर वजन मागे सरकतं आणि ओढणारी पुढची चाकं हलकी पडतात. तेव्हा आधी आपली गाडी कोणत्या जातीची आहे ते बघा आणि ट्रेल तिच्या बेताने निवडा.

“फोर बाय फोर आहे, मग अडकेलच कशी?”

हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो, म्हणून इथे जरा थांबू.

थार, जिम्नी, गुरखा या गाड्यांमध्ये फोर बाय फोर लावलं की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांशी जोडले जातात. पण प्रत्येक अ‍ॅक्सलवर डावं आणि उजवं चाक यांच्यामध्ये डिफरन्शियल असतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून तो दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. रस्त्यावर हा त्याचा गुण. ट्रेलवर तोच अवगुण होतो, कारण साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो आणि हवेत लटकलेलं चाक फिरवायला जोर लागतो जवळपास शून्य. मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी अधांतरी झालं, की फोर बाय फोर असूनही गाडी जागच्या जागी दोन चाकं भिरभिरवत उभी राहते.

यावर कंपन्यांनी दोन उपाय दिले आहेत. गुरखात पुढचा आणि मागचा डिफरन्शियल ड्रायव्हरला स्वतः लॉक करता येतो. जिम्नीत हे काम संगणक करतो: भिरभिरणाऱ्या चाकाला तो ब्रेक लावतो आणि त्यामुळे जोर पलीकडच्या चाकाकडे जातो. पण त्यासाठी चाक आधी थोडं भिरभिरू द्यावं लागतं. नवखा ड्रायव्हर नेमका त्याच क्षणी घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो आणि “सिस्टीम चालतच नाही” म्हणतो. पाय न उचलता एकसारखी, हलकी रेस दिली की ब्रेकची कटकट ऐकू येते आणि गाडी पुढे सरकते. आपल्या गाडीत यातलं काय आहे, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ट्रेलच्या आधीची एक संध्याकाळ त्यासाठी काढा.

याच्या उलट टोकाचा समज म्हणजे घाटात सुरक्षित राहण्यासाठी डांबरावरही फोर बाय फोर लावून ठेवायचं. या तिन्ही गाड्यांत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबराच्या तीव्र वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापू बघतात, पण जोडलेली असल्यामुळे त्यांना मागच्यांच्या गतीनेच फिरावं लागतं. तो ताण शाफ्ट आणि गिअरांवर साठत जातो, स्टिअरिंग जड होतं, गाडी धक्के खाते. शिवाय चार चाकांना जोर मिळाला म्हणून ब्रेक लवकर लागत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतो.

लो रेंजचं, म्हणजे फोर बाय फोरसोबत मिळणाऱ्या संथ पण जोरदार गिअरचंही असंच. ती फक्त अडकलेली गाडी काढायला असते असं वाटतं, पण तिचा खरा उपयोग उतारावर. लो रेंज, पहिला गिअर, क्लचवरून पाय पूर्ण बाजूला, आणि इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्यायची. चढावर गाडी मध्येच दमली, तर वळवायचा प्रयत्न करू नका. उतारावर आडवी झालेली गाडी उलटते. रिव्हर्स टाकून, आलो त्याच चाकोरीने सरळ मागे या.

“आधी टायर बदलायला हवेत”

हवेत. पण पहिल्याच ट्रेलला नव्हे. आधी असलेल्या टायरांतली हवा कमी करून बघा. हा सगळ्यात मोठा आणि जवळजवळ फुकटातला बदल आहे.

हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, आणि तो रुंदीपेक्षा लांबीने जास्त पसरतो. रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांब ठसा पडतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं, आणि दगडावरून जाताना रबर दगडाला धरून बसतं. गाडीतल्या माणसांच्या कंबरेलाही आराम पडतो. रस्त्यावर ३३ पीएसआय असेल तर दगडगोट्यांच्या कच्च्या वाटेसाठी २२ ते २४ पर्यंत उतरा. मऊ वाळूत याहून खाली, १८ किंवा क्वचित १५. त्याखाली गेलं की तीव्र वळणावर टायर रिममधून निसटू शकतो. कमी हवेवर वेग तिशी-चाळिशीत ठेवायचा आणि डांबराला लागण्याआधी हवा परत भरायची, नाहीतर टायर तापून फाटतो. म्हणजे लागणारं सामान दोनच: नीट वाचता येणारा प्रेशर गेज आणि बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर.

किती उतरायचं, हे टायरच्या बाजूच्या भिंतीवरही अवलंबून आहे. जिम्नीचा १९५/८० आर १५ हा टायर अरुंद दिसतो, पण त्याची भिंत १५६ मिलिमीटरची आहे. शहरी एसयूव्हीच्या २१५/६० आर १७ ची १२९. तिथे दगडाचा मार थेट अलॉयला बसतो, म्हणून पाच-सात पीएसआयपेक्षा जास्त उतरू नये. मोठमोठी अलॉय चाकं शोरूममध्ये शोभतात. ट्रेलवर मला तरी ती शापच वाटतात.

खोल खाचांचे टायर चिखलात सरस असतात यात वाद नाही. पण पठारावरच्या काळ्या मातीत, पहिल्या पावसानंतर, त्या खाचाही भरून टायर गुळगुळीत होतात. ती माती पाण्याने फुगते आणि चिकटते. तिथला उपाय टायरच्या दुकानात मिळत नाही. जमीन वाळेपर्यंत थांबायचं.

“ग्राउंड क्लिअरन्स वाढवला की झालं”

ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे गाडीच्या सगळ्यात खालच्या भागाची जमिनीपासूनची उंची. थार २२६ मिलिमीटर, जिम्नी २१०. मागे सलग अ‍ॅक्सल असलेल्या या गाड्यांत सगळ्यात खाली असतो तो डिफरन्शियलचा गोल डबा, आणि तो अ‍ॅक्सलबरोबर चाकांनाच जोडलेला असतो. लिफ्ट किटने बॉडी उचलली जाते, डबा तिथेच राहतो. तो उचलायचा तर टायरचाच व्यास वाढवावा लागतो, आणि तेही वाढीच्या निम्म्यानेच. बदल्यात ब्रेकचं अंतर वाढतं, स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो, इंजिन जड ओढतं.

नवख्याची गाडी बहुधा पोटावर टेकते. उंचवटा पार करताना मधला भाग अडकू नये, यासाठीचा कोन तीन दारी थारचा २७ अंशांच्या आसपास, पाच दारी जिम्नीचा २४. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर वाढलं की हा कोन घटतो. म्हणून निघण्याआधी अंगणात चटई टाकून गाडीखाली एकदा झोपा. डबा डावीकडे आहे की मधोमध, इंधनाची टाकी कुठे, सायलेन्सर कुठे, ते बघून ठेवा. मग वाटेतला धोंडा डब्याखाली घ्यायचा की चाक त्याच्यावर चढवायचं, हे आपोआप सुचतं. नवखे लोक धोंडा दोन चाकांच्या मध्ये घेतात. बहुतेक वेळा तो चाकाखालीच घ्यायचा असतो.

“स्नॉर्कल लावला, आता ओढा काय आणि नदी काय”

स्नॉर्कल इंजिनाला हवा वरून देतो, बस्स. गाडी जलरोधक होत नाही. थारसाठी कंपनीने पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितली आहे, पण असे आकडे संथ पाण्यासाठी असतात. वाहत्या पाण्याचा हिशोब वेगळा: सुमारे ३० सेंटिमीटर जोराचं पाणी छोटी गाडी वाहून नेतं, ६० सेंटिमीटर बहुतेक एसयूव्हीसुद्धा. पावसाळ्यात घाटमाथ्यावरचा ओढा वर कुठेतरी पडलेल्या सरीने अर्ध्या तासात चढतो. जिथे पायी उतरून तळ चाचपता येत नाही, तिथे गाडी घालू नये.

इंजिनात पाणी शिरलं आणि ते बंद पडलं, तर पुन्हा सुरू करायचा मोह आवरा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टनचा दांडा वाकतो आणि हजारांचं काम लाखांवर जातं. इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर विमा कंपनी सहसा हात वर करते. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. खोल पाण्यातून आल्यावर डिफरन्शियलचं ऑइल तपासून घ्या. दुधाळ दिसलं तर बदला.

समुद्रकिनाऱ्यावर तर गाडी नेऊच नये. भरतीच्या पाण्यात अडकलेल्या गाड्यांच्या बातम्या कोकणातून दर सुट्टीत येतात, खारं पाणी वायरिंग खातं, आणि गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं हा गुन्हा आहे.

“अडकलो तर दोर बांधून ओढू”

कशाला बांधणार, हा पहिला प्रश्न. अनेक गाड्यांत बंपरमागे आटे देऊन बसवायचा हूक मिळतो. तो सपाट रस्त्यावर बंद गाडी हळू ओढण्यासाठी असतो. पोटापर्यंत रुतलेली गाडी हिसक्याने काढण्यासाठी चासीला बोल्टने पक्का केलेला हूक लागतो. ट्रेलर लावायच्या गोळ्याला दोर कधीच अडकवू नका. तो तुटला की काचेतून आरपार जातो.

दुसरा प्रश्न दोराचा. लोखंडी तार किंवा साखळी ताणली जात नाही, त्यामुळे हिसका सरळ हुकावर येतो. रिकव्हरीसाठी नायलॉनचा कायनेटिक दोर मिळतो. तो ताणून लांबतो आणि गाडीला हळूच उपटतो. सोबत वजनाची मर्यादा कोरलेले शॅकल हवेत, हार्डवेअरच्या दुकानातले बिनआकड्याचे नकोत. दोराच्या मध्यावर घोंगडी किंवा जाड जॅकेट टाका, आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब पिटाळा. गावकरी मदतीला धावून येतात आणि कौतुकाने दोराशेजारीच उभे राहतात. त्यांना हटवणं हे काम गाडी काढण्याइतकंच महत्त्वाचं.

खरं तर दहापैकी आठ वेळा फावड्यानेच काम होतं. चाकांसमोरची माती काढायची, हवा आणखी दोन-तीन पीएसआय उतरवायची, खाली सपाट दगड भरायचे. जॅक मातीत बुडू नये म्हणून फूटभर फळी डिकीत ठेवा. दुसरी गाडी बरोबर नसेल तर जाऊच नका. खोऱ्यात रेंज नसते, आणि ट्रॅक्टरवाले काका असले तरी शेतात असतात.

लोखंडी बंपरचं एका परिच्छेदात आटपतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई केली. शिवाय अशा गार्डमुळे धडकेत बंपर दबण्याची आणि एअरबॅग उघडण्याची गणितं बिघडतात.

“ऑफरोडिंग म्हणजे पावसाळाच”

फोटोंसाठी असेल. शिकण्यासाठी दिवाळीनंतरचे महिने बरे. जमीन घट्ट, ओढे उथळ, आणि चूक झाली तरी निस्तरता येते. इगतपुरीजवळ महिंद्राची ऑफरोड प्रशिक्षण अकादमी आहे. अशा ठिकाणी घालवलेला एक दिवस कोणत्याही अ‍ॅक्सेसरीपेक्षा स्वस्त पडतो.

रिकामी दिसणारी जमीन रिकामी नसते, हेही खरं. कोकणातला आणि घाटमाथ्यावरचा कातळसडा उन्हाळ्यात ओसाड भासतो, पण कासला २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं ते अशाच सड्यावरच्या फुलांमुळे. तिथे मातीचा थर बोटभरही नसतो. एका चाकोरीत पाणी वाहू लागलं की तीही जाते. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नये, शेताचा बांध मोडू नये, आणि वाटेत बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, लागलं तर जसं होतं तसं, उघडं असेल तर उघडं आणि लावलेलं असेल तर लावलेलं, ठेवून पुढे जावं.

आणि शेवटचा समज परतीच्या वाटेवरचा. एक्स्प्रेसवेवर ऐंशीच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरू लागतं आणि मालकाचं तोंड उतरतं: “सस्पेन्शन गेलं.” सोमवारी अलाइनमेंट, बॅलन्सिंग, बिल. बहुतेक वेळा रिमच्या आतल्या बाजूला मूठ-दोन मूठ चिखल वाळून बसलेला असतो आणि चाकाचा तोल बिघडवत असतो. वॉशिंग सेंटरवाल्याला नोझल चाकाच्या आतून मारायला सांगा, मग गाडी पुन्हा ऐंशीला नेऊन बघा. तरीही थरथरली, तर मिस्त्रीकडे.