स्मारक पूर्वसत्तेचे, फलक प्रजासत्ताकाचा

बुंदेलखंडात, झाशी जिल्ह्यातील बेतवेच्या काठी एरच हे गाव आहे. हिरण्यकश्यपूची राजधानी हीच आणि होलिकादहनाची प्रथा येथूनच सुरू झाली, अशी स्थानिकांची श्रद्धा. त्याच गावात पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातील जामा मशीद उभी आहे. अकबराच्या काळी एरच हे आग्रा सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. १७२९ मध्ये थोरले बाजीराव छत्रसालाच्या मदतीला धावून गेले, त्यानंतर झाशीचा मुलूख मराठ्यांच्या अमलाखाली आला आणि कालांतराने इंग्रजांच्या हाती गेला. राजवटी बदलल्या, वास्तू राहिल्या. आधीच्या सत्तेची प्रत्येक खूण पुसण्याचा नियम नव्या सत्ताधीशांनी पाळला असता, तर एरचमध्ये पाहण्यासारखे फारसे काही उरले नसते.

हा प्रश्न २०२५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात पेटला. खुलताबाद येथील औरंगजेबाची कबर हटवावी, या मागणीने जोर धरला आणि १७ मार्च रोजी नागपुरात हिंसाचार झाला. कबर हटावी असे आपल्यालाही वाटते, परंतु ते संरक्षित स्थळ असल्याने जे करायचे ते कायद्याच्या चौकटीतच करावे लागेल, अशी भूमिका मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मांडली. या वादाचे घटनात्मक मर्म नेमके येथे आहे.

राज्यघटनेच्या ४९ व्या अनुच्छेदाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याने अशा स्मारकाची नासधूस हा गुन्हा ठरवला आणि २०१० च्या दुरुस्तीने त्याची कमाल शिक्षा दोन वर्षांच्या कारावासापर्यंत वाढवली. एखाद्या स्मारकाचे राष्ट्रीय महत्त्व संपले, असे जाहीर करण्याचा अधिकारही याच कायद्याने केंद्र सरकारला दिला आहे. म्हणजे दार बंद नाही. मात्र त्याची किल्ली राज्याकडे नाही आणि जमावाकडे तर मुळीच नाही.

कबरीच्या विरोधकांचा सवाल क्षुल्लक म्हणून उडवून लावता येणार नाही. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची क्रूर हत्या करविणाऱ्या बादशहाच्या थडग्यावर करदात्यांचा पैसा का खर्च व्हावा? त्याचे उत्तर एवढेच की, संरक्षण म्हणजे सन्मान नव्हे. दख्खन जिंकण्यास निघालेला आलमगीर अडीच दशके येथे अडकला आणि १७०७ मध्ये नगरजवळ मरण पावला. खुलताबादची कबर हा त्या मोहिमेच्या अपयशाचा दगडी पुरावा आहे. पराभूताचा पुरावा जेत्यांच्या वारसांनी नष्ट करावा, यात मुत्सद्देगिरी ती कोणती?

इंग्रजांनी मागे ठेवलेल्या स्मारकांबाबत स्वतंत्र भारताने तीन वाटा चोखाळल्या. दिल्लीत इंडिया गेटच्या छत्रीखालील पंचम जॉर्जचा पुतळा १९६८ मध्ये हलवून पुढे कोरोनेशन पार्कमध्ये ठेवण्यात आला. त्या रिकाम्या छत्रीखाली सप्टेंबर २०२२ मध्ये नेताजींचा पुतळा आला. कानपूरमध्ये १८५७ च्या जुलैत बीबीघरात मारल्या गेलेल्या इंग्रज स्त्रिया व मुलांच्या विहिरीवर देवदूताचे शिल्प होते. स्वातंत्र्यानंतर ते चर्चच्या आवारात नेण्यात आले, बागेला नानाराव पार्क हे नाव मिळाले आणि तेथे तात्या टोपे यांचा पुतळा उभा राहिला. बिठूरच्या पेशव्यांचा मान त्यामुळे राहिला हे खरे. परंतु त्या विहिरीतील निरपराधांची आणि इंग्रजांनी सूडापोटी मारलेल्या हिंदी माणसांची स्मृती एकाच जागी, एकाच फलकावर वाचायला मिळावी, ही अपेक्षा पुतळ्यांच्या अदलाबदलीने पुरी होत नाही.

तिसरी वाट दिल्लीच्या रिजवर दिसते. १८५७ मध्ये कामी आलेल्या ब्रिटिश फौजेसाठी उभारलेला गॉथिक मनोरा पाडला गेला नाही. १९७२ मध्ये त्याला अजितगड हे नाव देण्यात आले आणि नवा फलक लावण्यात आला. मूळ मजकुरात ज्यांना ‘शत्रू’ म्हटले आहे, ते परकीय सत्तेविरुद्ध उठलेले शूर देशभक्त होते, असे तो फलक सांगतो. जुना मजकूर राहिला, त्याचा अर्थ मात्र पालटला. या वाटेला ना बुलडोझर लागला, ना संचारबंदी.

खुलताबादलाही हीच वाट अधिक शहाणपणाची आहे. संभाजी महाराजांचे बलिदान, राजाराम महाराज व ताराराणी यांनी चालवलेला लढा आणि बादशहाचा अखेरचा पराभव हे सारे कबरीपाशीच मराठीत, हिंदीत व उर्दूत सांगणारा अधिकृत फलक उभारणे कायद्याच्या चौकटीत बसणारे आहे आणि इतिहासालाही धरून आहे. त्यासाठी कायदादुरुस्तीची गरज नाही. केंद्रीय संस्कृती मंत्रालय आणि राज्य सरकार यांनी एकत्र बसण्याची आहे. मात्र फलकापेक्षा मोर्चा लवकर मते मिळवून देतो, हे उभय बाजूंचे नेते जाणून आहेत. खरी अडचण कबरीची नसून या हिशेबाची आहे.