यंत्र एकाचे, चकतीही त्याचीच!

मालवण-कुडाळकडच्या संगणक वर्गात ज्यांनी फ्लॉपी हाताळली, त्यांना आठवत असेल. साडेतीन इंची फ्लॉपीत जेमतेम १.४४ मेगाबाइट मजकूर मावायचा. त्यात पावसाळ्याची दमट, खारी हवा लागली की चकतीला बुरशी धरायची आणि पोरांची मेहनत वाया जायची.

जागेची अडचण तर जगभर होती. ती हेरून अमेरिकन कंपन्यांत झुंज जुंपली. १९८२ साली निघालेल्या सायक्वेस्टच्या काढत्या-घालत्या चकत्या छपाई आणि डीटीपीच्या धंद्यात चालत. १९९५ साली आयोमेगा कंपनीने 'झिप' बाजारात आणली. एका चकतीत १०० मेगाबाइट, म्हणजे सुमारे सत्तर फ्लॉप्यांचा ऐवज! यंत्र सुमारे २०० डॉलरला, चकती २० डॉलरला. सायक्वेस्टने त्याच वर्षी १३५ मेगाबाइटची चकती काढली. पुढे १२० मेगाबाइटची 'सुपरडिस्क' आली. तिच्या यंत्रात जुनी फ्लॉपीही चाले.

वाचकहो, यातली खरी मेख ध्यानात घ्या. झिपची चकती सायक्वेस्टच्या यंत्रात चालत नसे, सायक्वेस्टची झिपच्या यंत्रात चालत नसे. दाढीचे यंत्र स्वस्त द्यायचे आणि पात्यांवर कमवायचे, तसाच हा हिशोब. भावाच्या या लढाईत सायक्वेस्ट तोट्यात गेली आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये तिचे दिवाळे वाजले. तिची मालमत्ता आयोमेगानेच घेतली. पण झिपच्याही काही यंत्रांत टकटक आवाज होऊन मजकूर नष्ट होऊ लागला. १९९८ साली ग्राहक कोर्टात गेले.

तोवर सीडी स्वस्त झाली. २००० साली पेनड्राइव्ह आला. तो कोणत्याही कंपनीचा असो, यूएसबीची खाच असलेल्या संगणकाला लागतो. जिंकलेल्या आयोमेगालाही २००८ साली ईएमसी कंपनीने विकत घेतले. आपल्या देशात १९८३ साली निघालेल्या मोझर बेअरने आधी फ्लॉपी, मग सीडी-डीव्हीडी बनवल्या. सिनेमाच्या स्वस्त डीव्हीडी घरोघरी पोचवल्या. २०१८ साली तीही अवसायनात निघाली.

कंपनी बुडाली तर पैसेवाला दुसरीकडे पैसा गुंतवतो. ज्याचा कागद चकतीत अडकला, त्याने काय करावे? आपल्या घरात जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र, मुलांच्या गुणपत्रिका हीच खरी पुंजी. एक कागद हरवला तर ओरोसला हेलपाटे घालावे लागतात आणि दिवसाची मजुरी बुडते.

म्हणून तीन गोष्टी करा. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरड्या जागी ठेवा. स्कॅन करून साध्या पीडीएफमध्ये पेनड्राइव्हवर घ्या. तीच प्रत केंद्र सरकारच्या, २०१५ पासून सुरू असलेल्या डिजिलॉकरमध्येही ठेवा. पेनड्राइव्ह अमर नाही, वर्षातून एकदा उघडून पाहा. मुलांना एवढेच शिकवा : वस्तू घेताना किंमत विचारावीच, पण ही वस्तू बंद पडली तर आपले काय अडेल, हेही आधी विचारावे.