दोन तारा, दुप्पट वेग?

व्यापारी बांधवांनो, माल वाढला की आपण दुसरी हातगाडी लावतो, घटला की परत पाठवतो. माहिती धाडण्यातही हीच युक्ती चालते.

आयएसडीएनच्या साध्या जोडणीत सेकंदाला ६४ किलोबिटच्या दोन वाहिन्या असत. १९९४ मध्ये 'मल्टिलिंक पीपीपी' ही पद्धत आली. माहितीचे तुकडे करायचे, त्यांवर क्रमांक घालायचे, दोन्ही वाहिन्यांतून पाठवायचे आणि पलीकडे क्रमाने जोडायचे. मिळून १२८ किलोबिट! काम वाढले की दुसरी वाहिनी लावायची, घटले की सोडायची. मात्र प्रत्येक वाहिनी म्हणजे स्वतंत्र कॉल. दुसरी विनाकारण चालू राहिली, तर कॉलचे पैसे दुप्पट.

आयएसडीएन मागे पडले, धडा कायम आहे. आज दुकानात दोन इंटरनेट जोडण्या घेतल्या म्हणजे वेग दुप्पट होतोच असे नाही. साधा राउटर कामे दोन तारांवर वाटतो. एकच मोठी फाइल सहसा एकाच तारेने जाते. खरी जोड हवी, तर दोन्ही टोकांना तशी सोय लागते. एक तार तुटली तर दुसरी कामास येते, हा फायदा खरा.

म्हणून आम्ही सांगतो, पैसे मोजण्याआधी विचारा : ही वाटणी आहे की जोडणी?