गाडीची ओळख, लेखांक ९ : पाणी कमी होतंय, पण जातंय कुठं?

मे महिन्यात साखरप्याहून आंबा घाट चढणाऱ्या पिकअप पाहा. हौद्यात हापूसच्या पेट्या कॅबिनच्या वरपर्यंत रचलेल्या, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आणि वारा पाठीमागून. वेग कमी, त्यामुळे रेडिएटरला समोरून मिळणारी हवा कमी. इंजिनवरचा ताण मात्र पुरेपूर. वर्षभर कुणाच्या लक्षात न आलेली कूलंटची गळती नेमकी अशा चढणीला उघडी पडते. काटा लालकडे सरकतो, बॉनेटखालून वाफ येते, गाडी कडेला घेतली जाते आणि जवळचं पिण्याचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं जातं. घाटात दुसरा इलाज नसतो, हे खरं. पण तीच गाडी कोल्हापूरला माल उतरवून परत येते, पुन्हा पाणी घालून पुन्हा घाट चढते, आणि हंगामभर हेच चालू राहतं. पाणी घालत राहणं ही दुरुस्ती नव्हे. मूळ गळती तशीच राहते आणि तिच्या जोडीला नवे बिघाड येतात.

मागच्या लेखात थर्मोस्टॅट कधी उघडतो आणि का उघडतो, ते पाहिलं. त्यातून वाहणारा द्रव, म्हणजेच कूलंट : इथिलीन ग्लायकोल आणि शुद्ध पाणी, साधारण निम्मं-निम्मं, आणि त्यात गंज रोखणारी रसायनं. ड्रायव्हर मंडळी त्याला सरसकट ‘पाणी’ म्हणतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. दर खेपेला साधं पाणी घातलं की ही रसायनं पातळ होत जातात. ब्लॉक आतून गंजतो, ॲल्युमिनियमच्या हेडला बारीक खड्डे पडतात. बोअरचं पाणी असेल तर रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात. तेच क्षाराचे कण वॉटर पंपाच्या सीलवर घासतात आणि गळतीला नवी जागा मिळते.

दाबाची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. निम्मं-निम्मं मिश्रण उघड्या भांड्यात १०६-१०७ अंशांना उकळतं. इंजिनच्या आत काही जागी धातूचं तापमान याच्या कितीतरी वर असतं, म्हणून रेडिएटरचं झाकण आत दाब वाढू देतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो बारमधला दाब. कुकरची शिट्टी जे काम करते तेच हे झाकण करतं. त्या दाबाखाली मिश्रण १२५ अंशांपर्यंत गेलं तरी उकळत नाही. आता कुठंतरी सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं असं धरा. द्रव थेंबभरच जातो, पण दाब टिकत नाही. दाब टिकला नाही की उकळबिंदू खाली येतो, आणि सपाटीवर मुकाट चालणारी गाडी घाटात उकळते. म्हणून “फार नाही हो, थोडंच गळतं” या वाक्याला काही अर्थ नाही.

गरम इंजिनवर झाकण कधीही उघडू नये, त्याचं कारणही हेच. दाब एकदम सुटला की शंभरच्या वर तापलेल्या द्रवाची क्षणात वाफ होते आणि तो तोंडावर उसळतो. फडकं धरून उघडलं तरी भाजायचं टळत नाही.

शोध कसा घ्यावा, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये फार चांगलं पाहायला मिळालं. रत्नागिरीकडची आंब्याची पिकअप होती. प्रत्येक फेरीला दोनेक लिटर पाणी कमी व्हायचं. उभी केली की थेंब पडायचा तो ऑइल चेंबरच्या मागच्या कडेवरून, अगदी गिअरबॉक्सजवळ. वाटेत कुणीतरी ‘हेड पॅकिंग गेलं, इंजिन उतरवावं लागेल’ असं सांगून ठेवलेलं, त्यामुळे चालक पोरगा धास्तावला होता.

“मिस्त्री, हेड आजच उघडायचं काय?” त्यानं विचारलं.

“आधी गार हू दे,” मिस्त्री म्हणाले. “गरम इंजनावर गळती दिसत न्हाई. थेंब पडायच्या आत वाळून जातोय.”

गाडी पूर्ण निवल्यावर त्यांनी झाकण काढलं, पातळी भरली आणि झाकणाच्या जागी हातपंपाचा प्रेशर टेस्टर बसवला. झाकणावर जेवढा आकडा होता तेवढाच दाब दिला, त्याहून जास्त नाही. जास्त दिला तर चांगला होज किंवा रेडिएटरची प्लास्टिकची टाकी फुटू शकते. टेस्टरचा काटा हळूहळू उतरू लागला, म्हणजे गळती आहे हे नक्की झालं. मग बॅटरी घेऊन शोध सुरू झाला, आणि तो खालून नव्हे, वरून. द्रव नेहमी खाली वाहतो आणि चालत्या गाडीत पंख्याची हवा त्याला मागं ढकलते. थेंब पडतो ती जागा गळतीची नसते; गळती तिच्या वर आणि बहुधा पुढं असते. वरचा होज कोरडा, थर्मोस्टॅटचं घर कोरडं, रेडिएटरची टाकी जिथं ॲल्युमिनियमला दुमडून बसवलेली असते ती शिवण कोरडी. आरसा आत घालून पंपाच्या पोटाखाली पाहिलं, तर तिथं पेन्सिलच्या टोकाएवढं भोक, आणि त्याच्याभोवती हिरवट पांढऱ्या रंगाचं खरखरीत पुट. त्या पुटातून एक ओघळ टायमिंग कव्हरवरून चेंबरच्या कडेला लागून थेट मागं गेलेला.

हे भोक कारखान्यातच पाडलेलं असतं. वॉटर पंपाच्या आत एका बाजूला कूलंट आणि दुसऱ्या बाजूला बेअरिंग, मध्ये सील. सील झिजलं तर कूलंट बेअरिंगमध्ये शिरू नये, बाहेर पडून दिसावा, म्हणून ही वाट ठेवलेली असते. क्वचित ओल दिसली तर चालते, पण ओघळ आणि पुट दिसलं की पंप संपला. भोक एम-सीलनं बुजवणारे महाभाग आहेत. तसं केलं की कूलंट बेअरिंगमध्ये जातो, बेअरिंग खातं, पंपाची शाफ्ट डगमगते आणि कधीकधी पंखा रेडिएटरवर आदळतो. मिस्त्रींनी बेल्ट सैल करून पुली हातानं हलवली; ती वर-खाली हलत होती. एवढ्यावर निदान झालं. हेडला हात लावावा लागला नाही.

कूलंट वाळल्यावर राहणारं हे रंगीत पुट म्हणजे गळतीची सही. होजच्या क्लिपपाशी, हीटरच्या नळ्यांपाशी, ब्लॉकच्या बाजूला ठोकलेल्या पत्र्याच्या गोल प्लगांपाशी ते दिसतं. क्लिपची गळती बऱ्याचदा फक्त पहाटे, गाडी गार असताना होते, कारण गार झाल्यावर रबर आणि धातू आकसतात. तापल्यावर सांधा पुन्हा बसतो. होज दाबून पाहा. करकर आवाज आला, किंवा टोक फुगून मऊ झालं असेल, तर तो बदला.

न दिसणारी गळती ही खरी कठीण. खाली थेंब नाही, पण कूलंटच्या बाटलीतली पातळी उतरते आहे, तर कूलंट तीन ठिकाणी जाऊ शकतो. कॅबिनमधल्या हीटरमध्ये : पायाखालचं मॅटिंग ओलं, गोडसर वास, काचेवर चिकट धुकं. सिलिंडरमध्ये : हेड गॅस्केटमधून, आणि अलीकडच्या डिझेल गाड्यांत, इंजिनात परत फिरवलेला धूर गार करणाऱ्या ईजीआर कूलरमधून. गॅस्केट किंवा हेड गेलं असेल तर इंजिन तापल्यानंतरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहतात. यासाठी निळ्या द्रावणाची एक चाचणी असते. रेडिएटरमधली हवा त्यातून ओढायची, जळालेल्या वायूचा अंश असेल तर निळा रंग पिवळा होतो. तिसरी जागा म्हणजे ऑइल : डिपस्टिकवर दुधाळ थर दिसला तर गाडी सुरूही करू नका. धूर दिसल्याबरोबर हेड उघडण्याचा आग्रह मात्र कुणी धरला, तर आधी ईजीआर कूलर तपासायला सांगा. लक्षणं सारखीच असतात आणि खर्चात मोठा फरक आहे.

आणखी एक धोका. कूलंट फारच कमी झाला तर तापमानाचा सेन्सर द्रवात बुडालेला राहत नाही. तो वाफेत किंवा हवेत लटकतो आणि काटा चढायच्या ऐवजी खाली येतो. चालकाला वाटतं गाडी निवली, आणि आत हेड वाकत असतं. तापलेल्या गाडीचा काटा कारण नसताना एकदम पडला, तर गाडी तिथंच बंद करा.

गळती सापडली की दुरुस्ती सोपी असते. उद्यमनगरातल्या त्या गाडीला नवा पंप, नवं पॅकिंग, खालच्या होजची नवी क्लिप आणि नवं झाकण बसलं. जुनं पॅकिंग खरवडून पृष्ठभाग अगदी स्वच्छ करणं, यातच निम्मी मेहनत गेली. तिथं राहिलेली एक चपटी पापडीसुद्धा नवी गळती करते. रेडिएटरमध्ये हळद टाकायची ड्रायव्हर लोकांची जुनी रीत आहे, बाजारातल्या लीक बंद करणाऱ्या पुड्याही मिळतात. अडलेल्या रात्री घर गाठण्यापुरतं ते ठीक. पण ती भुकटी फक्त छिद्रातच बसत नाही, रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही बसते.

भरताना शुद्ध पाणी आणि कंपनीनं सांगितलेल्या प्रतीचा कूलंट घ्या; रंगावर जाऊ नका, रंग प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, हीटर पूर्ण गरमवर करा, हळूहळू भरा आणि आतली हवा निघून जाऊ द्या. आत हवेचा फुगा राहिला तर नव्या पंपाचीही गाडी तापते. पुढचे काही दिवस रोज सकाळी, गार असताना, बाटलीवरची रेषा पाहा.

काढलेला जुना कूलंट गटारात किंवा बांधावर ओतू नका. इथिलीन ग्लायकोल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि शरीरात गेल्यावर त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होऊन मूत्रपिंडं निकामी होतात. थोड्याशा घोटानंही जनावर दगावतं. कॅनमध्ये भरून, झाकण लावून, नाव लिहून ठेवा, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला जमा करा.

पुढच्या आठवड्यात रेडिएटरचा पंखा आणि त्याचं व्हिस्कस कपलिंग.