एका बोटाची काच

मैत्रिणींनो, गाडी जुनी झाली म्हणून लगेच बदलायची, हे आपल्यासारख्या घरांना कुठलं परवडायला? आमची ऑल्टो २००९ सालची, काचांना हँडल असलेली. इंजिन अजून ठणठणीत. पण सासूबाईंचा डावा खांदा आखडला आणि त्यांना ते हँडल फिरवणं जमेना. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळे टोलनाक्यावर काच उघडायची वेळ फारशी येत नाही. तरी पेट्रोलपंप, पार्किंगची पावती, रस्त्यातली भाजीवाली आहेतच! चालत्या गाडीत एक हात स्टिअरिंगवर आणि एक हँडलवर, ही कसरत मलाही नकोशी झाली होती.

म्हणून पॉवर विंडो बसवायचं ठरलं. हे म्हणाले, ‘‘वनटचच घे, खालीही आणि वरही.’’ बटण एकदा दाबलं की काच आपली आपण जाते. ऐकायला फार छान! पण मागच्या सीटवर आमची तीन वर्षांची नात असते आणि गाडी थांबली की ती पुढे येऊन खिडकीला लोंबकळते. म्हणून मी दुकानात खोदून खोदून विचारलं.

तेव्हा कळलं ते असं. साध्या बटणात बोट उचललं की मोटर थांबते. वनटचमध्ये बोट उचललं तरी ती चालू राहते, मग थांबवायचं कोणी? काही स्वस्त मोड्यूल नुसते सेकंद मोजतात. काही मोटरचा करंट बघतात. काच वर टेकली की मोटर अडते, करंट वाढतो आणि मोड्यूल तो बंद करतं. पण मध्ये हात आला तर नुसतं थांबून भागत नाही, काच उलटी खाली यायला हवी. त्याला ‘अँटी-पिंच’ म्हणतात. युरोपातल्या नियमात अशी आपोआप चढणारी काच १०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण १० किलोच्या भारापेक्षा जास्त दाबायच्या आत मागे फिरावी लागते.

दुकानदारदादांना म्हटलं, ‘‘आधी दाखवा.’’ त्यांच्या नमुन्याच्या दारात वर्तमानपत्राची जाड सुरळी धरली. काच वर आली, सुरळी चेपली आणि काच तिथेच रुतून बसली! मागे फिरलीच नाही. दादा म्हणाले, ‘‘ताई, पोरांना बटणाला हात लावू देऊ नका, झालं.’’ घरात पोरं आहेत आणि बटणाला हात लावणार नाहीत, असं कधी झालंय का?

मग मी मधला मार्ग काढला. काच खाली जाताना वनटच, वर येताना मात्र बटण दाबून धरायचं. पुढच्या दोनच दारांना मोटर, मागे हँडल तसंच. गाडीची वीज गेली, तरी निदान मागच्या काचा हाताने उघडता येतील. डाव्या काचेचं बटण बंद करणारा लॉक स्विच माझ्या बाजूला घेतला. यांनी जरा कुरकुर केली, पण सुरळीची गोष्ट सांगितल्यावर गप्प बसले.

तुम्ही बसवणार असाल तर एवढं बघाच. वायर बॅटरीवरून घेतली असेल तर तिला बॅटरीजवळच फ्यूज हवा. दाराच्या बिजागरीपाशी वायर रबरी नळीतून गेलेली हवी, नाहीतर दार उघडून-मिटून ती तुटते. काचेच्या खाचेतलं रबर आधी पुसून घ्या आणि त्यावर सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस नको, त्यावर धूळ चिकटते. रबर कडक झालं असेल तर काच अडखळते आणि मोटरवर ताण येतो. किल्ली बंद केल्यावर काचा चालतात का, तेही विचारून ठेवा. चालत असतील, तर मुलांना गाडीत एकटं सोडायचं नाही, एक मिनिटही नाही.

सासूबाई आता आपली आपण काच उघडून भाजीचा भाव करतात. खर्च झाला खरा. पण दुकानात जाताना पर्समध्ये पैशांबरोबर वर्तमानपत्राची एक सुरळीही ठेवा. काच मागे फिरली नाही, तर वर जाणारं वनटच तिथेच राहू द्या.