पंथ, संप्रदाय आणि एक अनुबोधपट

इंग्रजीतील ‘कल्ट’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. ‘संप्रदाय’ म्हणावे तर वारकऱ्यांचे स्मरण होते. ‘पंथ’ म्हणावे तर नाथ आणि महानुभाव डोळ्यांपुढे उभे राहतात. हे दोन्ही शब्द आपल्याकडे आदराचे आहेत. ‘बुवाबाजी’ हा शब्द निंदेचा खरा; पण तो भोंदू माणसाचा व्यवहार सांगतो. हजारो सुशिक्षित माणसे स्वेच्छेने एकत्र येतात, कष्टाने एक नगर उभारतात आणि त्यांच्यातीलच काही जण अखेरीस विषप्रयोगापर्यंत जाऊन पोहोचतात, या घटनेला कोणते नाव द्यावे? ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ ही अनुबोधपटांची मालिका पाहताना हा प्रश्न आम्हांस पुनःपुन्हा जाणवला.

चॅपमन व मॅक्लेन वे या बंधूंनी दिग्दर्शित केलेली ही सहा भागांची मालिका 2018 साली नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाली आणि त्याच वर्षी तिला अनुबोधपट-मालिकेसाठीचे एमी पारितोषिक मिळाले. तिचा विषय रजनीशांच्या अनुयायांनी अमेरिकेत वसविलेले रजनीशपुरम हा आहे. कथेची मुळे मात्र आपल्या निकटची आहेत. 1974 पासून रजनीशांचा आश्रम पुण्यात होता. त्यांच्या सचिव मा आनंद शीला या मूळच्या वडोदऱ्याच्या. 1981 साली ऑरेगन राज्यात सुमारे 64,000 एकरांचे एक ओसाड कुरण विकत घेण्यात आले. तेथे अनुयायांनी रस्ते, घरे, शेती, धरण, विमानाची धावपट्टी असे सर्व काही उभे केले. शेजारी अँटिलोप नावाचे जेमतेम चाळीस-पन्नास वस्तीचे गाव होते. नवागतांनी तेथे मतदानाच्या बळावर सत्ता मिळविली आणि पुढे गावाचे नावही बदलून ‘रजनीश’ असे केले.

यापुढील घटनाक्रम थोडक्यात सांगता येतो. 1984 च्या जिल्हा-निवडणुकीत स्थानिक मतदार आजारी पडावेत म्हणून द डॅल्स या शहरातील उपाहारगृहांमध्ये कच्च्या भाज्यांच्या पदार्थांत साल्मोनेला जंतू मिसळण्यात आले. 751 लोक आजारी पडले. सुदैवाने कोणी दगावले नाही. सप्टेंबर 1985 मध्ये शीला वसाहत सोडून गेल्या, आणि खुद्द रजनीशांनीच त्यांच्यावर जाहीर आरोप केले. पुढे शीला यांना कारावास झाला. परदेशीयांच्या प्रवेशासंबंधीच्या कायद्याचा भंग केल्याच्या प्रकरणात रजनीशांना 4,00,000 डॉलर दंड भरून देश सोडावा लागला. अँटिलोपकरांनी आपल्या गावाचे जुने नाव परत घेतले. 1990 साली रजनीशांचे पुण्यात निधन झाले.

या मालिकेत निवेदक नाही, हा तिचा मुख्य विशेष होय. जुनी चित्रफीत आणि संबंधितांच्या मुलाखती एकापुढे एक मांडून कथा पुढे नेली आहे. गावातील वृद्ध रहिवासी आपले भय सांगतात. रजनीशांचे वकील आजही भरल्या डोळ्यांनी गुरूविषयी बोलतात. शीला यांच्या बोलण्यात पश्चात्तापापेक्षा अभिमानच अधिक दिसतो. प्रेक्षकाची सहानुभूती एका बाजूकडून दुसरीकडे झुकत राहते. 1983 साली पोर्टलंड येथील रजनीशांच्या हॉटेलात बाहेरच्या माणसाने बाँबस्फोट घडविला, हे पाहताना वसाहतीची भीतीही निराधार नव्हती हे पटते. परंतु ती भीती हेच शस्त्रे जमविण्याचे समर्थन झाले, आणि ‘आपण वेढले गेलो आहोत’ ही भावना एकदा रुजल्यावर आतल्या प्रत्येक शंकेला फितुरीचे रूप आले.

या दृष्टीने जेन स्टॉर्क यांची साक्ष आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. ऑस्ट्रेलियातील ही गृहिणी, दोन मुलांची आई, रजनीशांच्या वैद्याच्या खुनाचा प्रयत्न करण्यास कशी सिद्ध झाली, हे त्या स्वतः सांगतात. त्यांना कोणी कोंडून ठेवले नव्हते. वर्षानुवर्षे लहान लहान गोष्टींत स्वतःचा निर्णय दुसऱ्याच्या हाती देत गेल्यावर मोठ्या गोष्टीत तो परत घेण्याचे बळ उरत नाही, एवढाच त्याचा उलगडा होतो.

निवेदक नाही म्हणून निवाडाही नाही, असे मात्र समजू नये. काय दाखवावे आणि काय गाळावे, हाही निवाडाच असतो. रजनीशांची शिकवण नेमकी काय होती, ती इतक्या बुद्धिमान माणसांना का भावली, याचा मालिकेत फारसा विचार नाही. पुण्यातील वर्षे ओझरती येतात. त्याहून गंभीर उणीव ही की, वसाहतीत वाढलेल्या मुलांविषयी ती जवळजवळ मौन पाळते. मोठ्यांनी आपला मार्ग निवडला होता. मुलांनी तो निवडला नव्हता. शिक्षकांच्या नजरेतून ही गोष्ट सुटू नये.

आता आरंभीच्या शब्दाकडे वळू. ‘कल्ट’ हा शब्द उच्चारताच निकाल लागतो आणि चौकशी थांबते. अँटिलोपच्या लोकांनी पहिल्या दिवसापासून निकाल दिला होता. त्यांची शंका पुढे खरी ठरली, तरी तिच्यात केवळ परकेपणाचा तिटकाराही मिसळलेला होता. ‘संप्रदाय’ आणि ‘पंथ’ हे आपले शब्द आधीच निकाल देत नाहीत. त्यामुळे आपल्याला कृत्यांकडे पाहणे भाग पडते. प्रश्न विचारणाऱ्यास तेथे जागा आहे काय? सोडून जाणाऱ्याची वाट मोकळी आहे काय? प्रमुखाच्या नावाने बोलणाऱ्याला कोणी जाब विचारू शकतो काय? मुलांचे कोण पाहतो? श्रद्धेचा उपहास न करताही हे प्रश्न विचारता येतात, आणि कोणत्याही पंथाला, मठाला, पक्षाला, किंबहुना साहित्यसंस्थेलाही ते लागू पडतात. प्रतिशब्द नसणे हे मराठीचे दारिद्र्य आहे, असे आम्हांस म्हणूनच वाटत नाही. विद्यार्थ्यांना नाव शिकविण्याऐवजी हे प्रश्न शिकवावेत, हे अधिक श्रेयस्कर होय.