कासवाचा आहार : करुणेला प्रज्ञेची जोड

काही वर्षांपूर्वी एका पालकांनी मोठ्या प्रेमाने आपल्या वसतिगृहाच्या अंगणात एक तारांकित कासव आणून सोडले. घरात कासव असले की धन टिकते, असे सांगून कोणीतरी ते त्यांना विकले होते. मुलांना आनंद झाला. त्यांनी त्याला वरणभात, पाव, दुधात भिजवलेली बिस्किटे भरवली आणि आम्हीही कौतुकाने पाहत राहिलो. चार-पाच महिन्यांत त्याची पाठ बोटाने दाबली तरी दबू लागली. पशुवैद्यांच्या सांगण्यावरून आम्ही ते वन विभागाच्या स्वाधीन केले, पण उशीर झाला होता. ते वाचले नाही.

बाबासाहेबांनी बुद्धाच्या धम्मात करुणेइतकेच प्रज्ञेलाही स्थान दिले, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो. त्या कासवाला आम्ही करुणा दिली, प्रज्ञा मात्र दिली नाही.

जमिनीवरचे कासव हे मुख्यतः गवत व पाला खाणारे प्राणी. तंतुमय चारा त्याच्या आतड्यातील सूक्ष्मजीव हळूहळू आंबवतात. त्यास भात, पाव वा दूध पचवण्याची सोय निसर्गाने दिलेली नाही. शिवाय कवच म्हणजे हाडच. त्यासाठी अन्नात फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम अधिक, साधारण दुप्पट, असावे लागते. धान्यात नेमके उलटे असते. पालक पौष्टिक म्हणून रोज देणेही चुकीचे, कारण त्यातील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवते. कॅल्शियम अंगी लागण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व हवे आणि त्यासाठी थेट ऊन हवे. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन उपयोगी पडत नाही, कारण आवश्यक अतिनील किरण काच अडवते.

मग द्यावे काय? हरळी व इतर गवत हा मुख्य आहार. जोडीला जास्वंदीची पाने-फुले, तुतीचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग. फळ क्वचितच. समुद्रफेनाचा तुकडा जवळ ठेवावा आणि उथळ ताटलीत पाणी. काचपेटीत विकली जाणारी पाण्यातील कासवे वेगळी. ती मासे-किडेही खातात. जमिनीवरचे कासव खोल पाण्यात सोडल्यास बुडते.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सेंट हेलेना बेट नेपोलियनमुळे ठाऊक असते. त्याच बेटावर १८८२ मध्ये आणलेले जोनाथन नावाचे महाकाय कासव अतिवृद्ध झाले, मोतीबिंदूने आंधळे झाले, त्याची चोच बोथट होऊन त्याला गवत नीट तोडता येईना. तेथील पशुवैद्यांनी त्याला हाताने भाज्या व फळे भरवण्यास आरंभ केला आणि चोच पुन्हा धारदार झाली. इतक्या वयातही आहार बदलल्याने फरक पडला!

परंतु आपल्याकडील तारांकित कासव, अथवा नदी-तळ्यातील कोणतेही देशी कासव, घरी पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार गुन्हा आहे. २०१९ पासून तारांकित कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. तरीही वास्तुशास्त्राच्या आणि गुप्तधनाच्या नावाखाली ही कासवे विकली जातात. असे कासव कोणी विकत असल्यास किंवा घरात असल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. माणसे येईपर्यंत त्याला सावलीत ठेवावे, ताटलीत पाणी द्यावे आणि पाव-दूध मुळीच देऊ नये.